तगडं कॅरॅक्टर बनवताय? आधी या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या कथाखेळात आपलं कॅरॅक्टर तगडं असावं असं वाटण्यात काही गैर नाही. बिल्ड, म्हणजे कॅरॅक्टरच्या क्षमतांचा आराखडा, जुळवत बसायला मलाही मनापासून आवडतं. पण डीएम (खेळ चालवणारा डंजन मास्टर) म्हणून टेबलावर बसलं की त्याच त्या चुका समोर येतात, आणि बहुतेकींचं मूळ एकच असतं, उतावळेपणा. कुणाचं तरी तयार बिल्ड दिसलं, ते उतरवून घेतलं, नियमांचं पुस्तक उघडलंच नाही. मी बोलतोय ते या खेळाच्या पाचव्या आवृत्तीबद्दल, मुख्यतः २०१४च्या नियमांबद्दल.

बाराव्या लेव्हलसाठी बनवलेलं कॅरॅक्टर

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे. एक खेळाडू आला तो तीन क्लास (कॅरॅक्टरचे पेशे) मिसळायचा बेत घेऊन: दोन लेव्हल पॅलाडिन (पवित्र योद्धा), एक लेव्हल हेक्सब्लेड वॉरलॉक आणि पुढे सगळी सॉर्सरर (हे दोन्ही जादूचे क्लास). कागदावर हे जबरदस्त दिसतं. करिश्मा या एकाच स्कोअरवर तलवारही चालते आणि स्पेलही (मंत्र), शिवाय सॉर्सररचे स्लॉट (स्पेल टाकायचे ठरावीक मोके) स्माइटसाठी, म्हणजे पॅलाडिनच्या वाराला जादा डॅमेज देण्यासाठी, वापरता येतात. दहाव्या-बाराव्या लेव्हलला हे खरंही ठरतं. आमचं कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी कथा) मात्र पहिल्या लेव्हलपासून सुरू झालं होतं.

पाचव्या लेव्हलला फायटरला एक्स्ट्रा अटॅक (एका टर्नमध्ये, म्हणजे पाळीत, दोन वार) मिळाला, विझार्डला फायरबॉल हा स्पेल. याच्याकडे पॅलाडिन २, वॉरलॉक १, सॉर्सरर २. एक्स्ट्रा अटॅक नाही, कारण तो पॅलाडिनच्या स्वतःच्या पाचव्या लेव्हलला मिळतो, एकूण लेव्हल त्यात धरत नाहीत. दुसऱ्या लेव्हलचे स्लॉट होते, पण त्या लेव्हलचा एकही स्पेल येत नव्हता. एकाही क्लासमध्ये चार लेव्हल भरल्या नव्हत्या, म्हणून अ‍ॅबिलिटी स्कोअर वाढला नाही की फीटही (खास कौशल्य) मिळालं नाही. पुलावरच्या लढाईत फायटरने अ‍ॅक्शन सर्ज (एक जादा कृती) वापरून एकाच टर्नमध्ये चार वार केले. याने एक वार केला, फाशावर सहा पडले, वार हुकला, टर्न संपली. पुढच्या राउंडला पुन्हा तेच. बाकीचे त्याला धीर देत होते आणि तो वहीतलं बाराव्या लेव्हलचं पान उघडून दाखवत होता. कॅम्पेन आठव्या लेव्हलला संपलं.

मी आधी डीएमला विचारतो, कॅम्पेन कुठून कुठपर्यंत जाणार? मग प्रत्येक लेव्हलला माझं कॅरॅक्टर एका टर्नमध्ये काय करेल, ते एकेका ओळीत लिहून काढतो. सलग दोन ओळी रडक्या निघाल्या तर बिल्ड बदलतो. शस्त्र चालवणाऱ्या क्लासची पाचवी लेव्हल हातात आल्याशिवाय दुसऱ्या क्लासकडे वळत नाही, आणि पॅलाडिन असेल तर सहावीपर्यंत थांबतो. सहाव्या लेव्हलच्या ऑराने दहा फुटांतल्या सगळ्या साथीदारांच्या सेव्हिंग थ्रोमध्ये (धोका टाळण्यासाठी टाकायच्या फाशात) करिश्म्याची भर पडते. ती सोडून पुढे पळणारे लोक मला खरंच कळत नाहीत.

ग्रेट वेपन मास्टर डोळे मिटून वापरणं

हे एक फीट आहे: अटॅक रोलला (वार लागतो का ते ठरवणाऱ्या फाशाला) वजा ५, लागला तर डॅमेज अधिक १०. नवखे खेळाडू हे प्रत्येक वाराला लावतात. एकदा आकडेमोड करून बघा. पाचव्या लेव्हलचा फायटर, स्ट्रेंग्थ १८, अटॅकला अधिक ७, ग्रेटस्वोर्डचं सरासरी डॅमेज ११. समोर एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १२ असेल तर साध्या वारात सरासरी ८.८ पडतात आणि फीट वापरून ११.५५, इथे जरूर वापरा. एसी १६ला ६.६ विरुद्ध ७.३५, म्हणजे फरक किरकोळ. एसी १८ला ५.५ विरुद्ध ५.२५, म्हणजे चक्क तोटा. (क्रिटिकल, म्हणजे फाशावर वीस पडल्यावरचा जादा तडाखा, यात धरलेला नाही.) अ‍ॅडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा धरणं) किंवा ब्लेस हा स्पेल असेल तर गणित पुन्हा फीटच्या बाजूने झुकतं. मी पहिले एक-दोन वार साधे करतो, एसीचा अंदाज आला की ठरवतो.

एकट्यानेच तगडं होणं

याची किंमत बाकीचे खेळाडू मोजतात. समजा तुम्ही एका राउंडला ६० डॅमेज करता आणि इतर जण प्रत्येकी १५. ५९ हिट पॉइंटचा (एवढं डॅमेज सोसणारा) ओग्र हा राक्षस तुमच्या एका टर्नमध्ये आडवा होतो. मग डीएम त्याचे हिट पॉइंट १२० करतो. तुम्हाला एक राउंड जास्त लागतो, पण ज्या मित्राला तो चार राउंडमध्ये पाडता आला असता त्याला आता आठ लागतात. वर ओग्रचा तडाखाही वाढवला, तर पहिल्यांदा पडतो तो विझार्ड. म्हणून आकडे जुळवण्याची हौस पार्टीसाठी वापरा. पहिल्या लेव्हलचा ब्लेस तीन जणांना प्रत्येक अटॅक आणि सेव्हिंग थ्रोला डी४ (चार बाजूंचा फासा) जादा देतो. तुमच्या डी४मुळे मित्राचा वार लागला की टेबलावर जो जल्लोष होतो, त्याची सर एकट्याने केलेल्या ६० डॅमेजला येत नाही.

वॉरलॉक आणि सॉर्सरर मिसळून केलेल्या कॉफीलॉक या युक्तीबद्दल थोडक्यात. वॉरलॉकचे स्लॉट शॉर्ट रेस्टला (छोट्या विश्रांतीला) परत मिळवायचे, त्यांचे सॉर्सरी पॉइंट (सॉर्सररच्या जादूचे गुण) करायचे, पॉइंटांचे पुन्हा स्लॉट करायचे आणि लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) टाळून ते साठवत जायचे. माझ्या टेबलावर हे चालत नाही. एकाच्या स्लॉटसाठी सगळ्या पार्टीने तासन् तास बसून राहायचं, हा खेळ नाही. शिवाय २०१७च्या झॅनाथर्स गाइडमधल्या पर्यायी नियमाप्रमाणे लाँग रेस्टशिवाय २४ तास गेले की डीसी १०चा (म्हणजे फाशाने निदान १० गाठायचा) कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) सेव्ह करावा लागतो, नाहीतर एक्झॉशन, म्हणजे थकवा. पुढच्या प्रत्येक २४ तासांना तो डीसी पाचने वाढतो.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. दोन कॉन्सन्ट्रेशन स्पेल (लक्ष एकवटून चालू ठेवायचे) एकत्र टिकत नाहीत. दोन क्लासचे एक्स्ट्रा अटॅक एकमेकांत मिळवले जात नाहीत. मल्टिक्लाससाठी (क्लास मिसळण्यासाठी) जुन्या आणि नव्या दोन्ही क्लासचा मुख्य स्कोअर निदान १३ लागतो. कॉन्स्टिट्यूशन ८ ठेवून स्पेलकास्टर बनवू नका. आणि बिल्ड कुठल्या सालच्या नियमांवर बेतलंय ते आधी बघा. २०२४च्या पुस्तकात डिव्हाइन स्माइट हा बोनस अ‍ॅक्शनचा स्पेल आहे, त्यामुळे एका टर्नमध्ये तो एकदाच मारता येतो. ग्रेट वेपन मास्टरमधलं वजा ५, अधिक १०सुद्धा त्यात उरलेलं नाही.

बिल्ड आधीच फसलं असेल तर चार सेशन कुढत बसू नका, डीएमशी बोला. मी क्लासच्या लेव्हल पुन्हा मांडू देतो, फक्त दोन सेशनच्या मधल्या काळात. लढाई सुरू झाली की शीटला हात लावायचा नाही.