सातवी-आठवीला कर्ज शिकवताना या चुका टाळा

सातवीत सरळव्याज येतं, आठवीत चक्रवाढ व्याज. मुलं सूत्रात आकडे भरतात, उत्तरही बरोबर येतं. पण ‘गावात शेकडा तीननं दहा हजार घेतले, वर्षाचं व्याज किती?’ असं विचारलं की निम्मा वर्ग 300 सांगतो. चूक मुलांची नाही. पुस्तकातला दर द.सा.द.शे. असतो, म्हणजे दर साल दर शेकडा. गावातला ‘शेकडा तीन’ मात्र महिन्याचा असतो. महिन्याला 300, म्हणजे वर्षाला 3,600. पुस्तकाच्या भाषेत हा दर 36 टक्के झाला! म्हणून दर आला की मुलांनी आधी विचारायचं: महिन्याचा की वर्षाचा? माझ्या मते ही सवय सूत्राच्याही आधी लागायला हवी.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. ‘कुणाच्या घरी कर्ज आहे?’ असं भर वर्गात विचारलं. एका मुलीनं मान खाली घातली, ती तास संपेपर्यंत वर केली नाही. घरचं कर्ज हे मुलांचं गुपित असतं. उदाहरणातलं कुटुंब काल्पनिकच घ्या. ‘कर्ज वाईट’ असंही फळ्यावर लिहू नका. पीककर्जावर पेरणी करणाऱ्या घरातलं मूल ते वाचत असतं.

हप्ता शिकवायचा राहून जातो, ही तिसरी. बचत गटातून 10,000 रुपये महिना दोन टक्क्यांनी घेतले, दर महिन्याला हजार मुद्दल फेडलं. व्याज उरलेल्या रकमेवर धरलं तर पहिल्या महिन्यात 200, मग 180, 160, शेवटी 20, एकूण 1,100. तेच दहाही महिने मूळ रकमेवर धरलं तर 2,000. दर एकच, फरक 900 रुपयांचा. हे तोंडी सांगू नका, मुलांना दहा ओळींचा तक्ता करू द्या. वेळ जातो, जाऊ द्या. मोबाइलच्या ‘शून्य टक्के व्याज’ जाहिरातीचा विषयही याच तासाला काढा. असा शून्य दर मुळात नसतोच, असं रिझर्व्ह बँकेनं 2013 मध्ये बँकांना कळवलं होतं. तो पैसा प्रक्रिया शुल्कात किंवा बुडालेल्या सवलतीत कुठे दडलाय, ते मुलं चटकन शोधतात.

‘हप्ता चुकला तर?’ हा प्रश्न येतोच. तो टाळू नका. बँकेत आधीच जाऊन बोलता येतं, दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागता येते आणि महाराष्ट्रात 2014 च्या कायद्यानुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, हे त्यांना सांगा.