अवे मॅचला जाताय? या चुका टाळा, आणि होम स्टँडचं तिकीट तर विसराच

दर सीझनला नवीन पोरं फुटबॉलच्या अवे मॅचला, म्हणजे आपला क्लब दुसऱ्याच्या मैदानावर खेळतो तिथे, येतात आणि दर सीझनला त्याच त्याच चुका करतात. सांगून सांगून तोंड दुखलं म्हणून आता लिहूनच टाकतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे होम सपोर्टर्सच्या, म्हणजे यजमान क्लबवाल्यांच्या, स्टँडमधलं तिकीट घेणं. अवे तिकिटं मुळातच कमी असतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या क्लबला 3,000, स्टेडियम 30 हजारांपेक्षा लहान असेल तर क्षमतेच्या 10 टक्के, आणि युएफाच्या (युरोपियन फुटबॉल संघटनेच्या) स्पर्धांत किमान 5 टक्के. त्यातली बरीचशी वर्षानुवर्षं येणाऱ्या मेंबरांकडे जातात. मग नवीन गडी घाईला येतो, कुणाच्या तरी ओळखीतून होम स्टँडचं तिकीट उचलतो आणि वर आपल्यालाच सांगतो, "जर्सी घालणार नाही, गप्प बसेन, कुणाला कळतंय?"

आमच्या ग्रुपमधल्या एकाने हेच केलं. साधं काळं जॅकेट, तोंडाला कुलूप, पहिला हाफ आरामात निभावला. आणि शेवटच्या दहा मिनिटांत आपला बरोबरीचा गोल झाला. ओरडला नाही म्हणे, फक्त उभा राहिला. अरे पण आजूबाजूचा अख्खा स्टँड डोकं धरून बसलाय आणि तू एकटाच उभा, ते पण दोन्ही हात वर करून! शेजारच्यांनी शिव्या घातल्या, मागून कुणीतरी कॉलर धरली, स्टुअर्ड (स्टेडियमची व्यवस्था बघणारी माणसं) आले आणि साहेब गेटबाहेर. इंज्युरी टाइममध्ये आपण जिंकलो तेव्हा हा बाहेर फुटपाथवर उभा राहून आतल्या आवाजावरून गोल कुणी मारला असेल याचा अंदाज लावत होता. ज्याच्या नावावरचं सीझन तिकीट होतं त्याला क्लबकडून पत्र गेलं ते वेगळंच. याला नशीब खराब म्हणतात लोक. नशीब कसलं डोंबलाचं, गोल झाल्यावर गप्प बसता येत असेल तर एवढ्या लांब जायचंच कशाला?

रांगेत उभं राहा. आपल्या क्लबची मेंबरशिप काढा, कुणालाच नको असलेली आठवड्याच्या मधली थंडीतली कप मॅच पकडा, पुढच्या तिकिटांसाठी लागणारे पॉइंट्स आपोआप साठतात. मला तर तसल्या मॅचेसच जास्त आवडतात, सेल्फीवाले येत नाहीत.

दुसरी चूक प्रवासाची. फिक्स्चर लिस्ट (सीझनचं वेळापत्रक) आली रे आली की त्याच दिवशी स्वस्तातलं नॉन-रिफंडेबल तिकीट काढून मोकळे. मग टीव्हीवाले मॅच निवडतात आणि शनिवारची दुपार सोमवारची रात्र होऊन बसते. मी टीव्हीच्या तारखा पक्क्या झाल्याशिवाय एक सीट बुक करत नाही, चार पैसे जास्त गेले तर गेले. परतीचं पण तेच. शेवटची शिट्टी झाली की पाच मिनिटांत बाहेर पडू असं धरून शेवटची ट्रेन ठरवतात, पण युरोपात बऱ्याच ठिकाणी होम पब्लिक पांगेपर्यंत अवे सपोर्टर्सना आतच थांबवून ठेवतात, कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त. नॉकआउट मॅच असेल तर वर 30 मिनिटांचा एक्स्ट्रा टाइम आणि पेनल्टी धरा. मी सरळ मुक्काम करतो किंवा सपोर्टर्सच्या बसने जातो, बस निदान आपल्याला सोडून जात नाही.

बाकीचं पटापट.

इटलीत तिकिटावर नाव असतं, ओळखपत्र नसेल तर गेटवरूनच परत.

फ्लेअर (रंगीत धुराची पेटती नळकांडी) नको म्हणजे नको. इंग्लंडमध्ये ते घेऊन आत शिरायचा प्रयत्न करणं हासुद्धा गुन्हा आहे, आणि धुरात मॅच दिसत नाही.

मोठी बॅग नेऊ नका. बऱ्याच ठिकाणी ए-फोर कागदाएवढीच चालते.

अवे सपोर्टर्सना प्रवेश आहे का हे आधी बघा. अर्जेंटिनात 2013 पासून कित्येक वर्षं लीग मॅचेसना पाहुण्यांना बंदीच होती, आणि युरोपात पण एखाद्या मॅचपुरती बंदी ऐनवेळी लागते.

अवे गेट बहुतेक वेळा मेन गेटपासून लांब, भलत्याच बाजूला असतं, तेव्हा तासभर आधी पोचा आणि तिथपर्यंत स्कार्फ जॅकेटच्या आत ठेवा.

आणि तिकीट मोबाइलवर असेल तर हॉटेलवर असतानाच डाउनलोड करून ठेवा, टर्नस्टाइलपाशी (आत जायच्या फिरत्या गेटपाशी) इतकी गर्दी असते की नेटवर्क हमखास झोपतं आणि मागचे शंभर जण तुमच्या नावाने ओरडत असतात.