काचांच्या फटीतले कोलॉइड: मोजताना या चुका टाळा

पाण्यात तरंगणारा कोलॉइडचा एक सूक्ष्म कण हलला की पाणी हलतं, आणि त्या पाण्याबरोबर शेजारचा कणही. मोकळ्या पाण्यात हा परिणाम अंतराच्या व्यस्त प्रमाणात विरतो. तेच सूत्र मायक्रोस्कोपची स्लाइड आणि कव्हरस्लिप (वर ठेवायची पातळ काच) यांच्या फटीत लावलं की सगळं गणित बिघडतं. काच जागची हलत नाही, पाण्याचा रेटा गिळून टाकते. एकाच काचेजवळ काचेला समांतर परिणाम अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, दोन काचांच्या अरुंद फटीत वर्गाच्या.

फटीत आडवं कोरिलेशन (दोन कणांना जोडणाऱ्या रेषेला काटकोनात त्यांच्या हालचालींचा मेळ) ऋण आलं म्हणून डेटा फेकू नका. भरलेल्या लोकलमध्ये एकजण दाराकडे घुसला की त्याच्या बाजूचे मागे ढकलले जातात ना? पाणीही तसंच बाजूंनी मागे वळतं. संशय घ्यायचा तो ड्रिफ्ट (सगळ्या कणांची एकत्र होणारी सरक) काढण्याच्या पद्धतीवर. फ्रेममध्ये दोनच कण असताना सरासरी सरक वजा केली, तर एक जितका डावीकडे, दुसरा बरोबर तितकाच उजवीकडे दिसणार. कोरिलेशन उणे एक, आणि त्यात भौतिकशास्त्र शून्य. कण जास्त असले तरी ही चूक उरतेच, फक्त लहान होते. ड्रिफ्ट काचेला घट्ट चिकटलेल्या कणांवरून काढा.

एक मायक्रॉन व्यासाच्या कणाचं डिफ्यूजन (आपोआप भटकत पसरण्याचा वेग) २५ अंशांना ०.४९ चौरस मायक्रॉन प्रति सेकंद हवं आणि ०.३५ येतंय? कंपनीला मेल टाकण्याआधी उंची बघा. काचेपासून अर्धा मायक्रॉन फट असेल तर समांतर डिफ्यूजन ७२ टक्क्यांवर येतं. सिलिकाचे कण जड, ते तळाशीच घुटमळतात, पॉलिस्टायरीनचे (प्लॅस्टिकचे) बरे.

एसी बंद होऊन खोली ३० अंशांवर गेली तर पाण्याची व्हिस्कॉसिटी (चिकटपणा) ०.८९ वरून ०.८० मिलिपास्कल-सेकंदावर उतरते. तापमान स्टेजवर मोजा, भिंतीवरच्या थर्मामीटरवर नको.

समान विद्युतभाराचे कण काचेजवळ एकमेकांकडे ओढले गेले तर लगेच ‘आकर्षण’ लिहू नका. काच दोघांनाही दूर लोटते, त्यातून उठणारा प्रवाह त्यांना जवळ आणतो. स्क्वायर्स आणि ब्रेनर यांनी २००० साली हेच दाखवलं. कण काचेपासून लांब सोडून पुन्हा मोजा.

पावसाळ्यात कव्हरस्लिपा एकमेकींना चिकटतात. जोडी लागली तर फट तिरकी होते. रिकाम्या सेलवर (जोडलेल्या स्लाइड-कव्हरस्लिपवर) सोडियम दिवा धरा: दिसणारा प्रत्येक काळा-उजळ पट्टा म्हणजे फटीत ०.२९ मायक्रॉनचा फरक. सात पट्टे दिसले तर एका टोकाची फट दुसऱ्यापेक्षा दोन मायक्रॉन मोठी. सेल उघडा, पुन्हा बसवा, मगच कडा नेलपॉलिशने बंद करा.