हिवाळ्यात आमिश क्विल्ट पाहायला जाताना

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या लँकेस्टर परगण्यात आमिश लोकांची (साधेपणाने राहणारा एक ख्रिस्ती पंथ) हाताने शिवलेली क्विल्ट, म्हणजे गोधडीसारखी पांघरुणे, पाहण्यासाठी हिवाळ्यात जायचे असेल, तर शक्यतो फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा किंवा मार्चचा आरंभ निवडावा. कारण तेव्हा गावोगावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलांच्या मदतीसाठी ‘मड सेल’ नावाचे लिलाव सुरू होतात आणि त्यांत शेतीची अवजारे, फर्निचर यांच्याबरोबर क्विल्टही बोलीवर चढतात. बर्फ वितळून झालेल्या चिखलावरून हे नाव पडले आहे, तेव्हा गुडघ्यापर्यंतचे बूट न्यावेतच. फिलाडेल्फियाहून लँकेस्टरला रेल्वेने जाता येते. पुढे खेड्यांत फिरायला मात्र मोटार लागते, आणि अरुंद रस्त्यांवर घोडागाड्यांमागे संयमाने चालवावी लागते.

रविवारी आमिश दुकाने बंद असतात, तर हिवाळ्यात इतर दिवशीही वेळ कमी असू शकते, म्हणून आधी चौकशी करावी. क्विल्ट घेताना उलटी बाजू अवश्य पाहावी: हाताचे टाके तिथेही बारीक आणि सारख्या अंतरावर दिसतात. गोधडी शिवणाऱ्या आजीच्या घरात वाढलेल्यांना हे सांगावे लागणार नाही. आमिश माणसांचे, विशेषतः चेहऱ्यांचे, फोटो मात्र काढू नयेत. त्यांच्या श्रद्धेला ते रुचत नाही.