पिवळ्या फुलांची सदाहरित जमीनझाकणी ओळखताना या चुका टाळा

गोव्यात गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) पायथ्याशी, बंगल्याच्या उतारावर किंवा पाटाच्या काठाने वीतभर उंचीची हिरवीगार वनस्पती पसरलेली दिसते आणि तिच्यावर बारा महिने पिवळी फुले असतात. रोपवाटिकेत ती ‘वेडेलिया’ म्हणून मिळते. सिंगापूर डेझी असेही तिचे नाव रूढ आहे, पण ती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली असल्याने नावावरून मूळस्थान ठरवण्यात अर्थ नाही. ओळखताना सर्वाधिक घोटाळा फुलाच्या रंगामुळे होतो. चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी कांगले हे रानफळ दुरून हेरणारी माणसेही येथे फसतात, कारण पिवळ्या फुलांच्या बुटक्या वनस्पती आपल्याकडे अनेक आहेत.

फुलाकडे पाहण्याआधी पान पाहावे. वेडेलियाची पाने समोरासमोर येतात, ती साधारण ४ ते ९ सेंटिमीटर लांब, चकचकीत व दातेरी असतात आणि बहुतेक पानांच्या दोन्ही बाजूंना एकेक खंड फुटलेला असल्यामुळे पान तीन टोकांचे दिसते. मात्र प्रत्येक पानावर हे खंड असतातच असे नाही. खुडलेल्या एकाच पानावर विसंबून ‘ही ती नव्हे’ असा निकाल मीही एकदा दिला होता. त्यामुळे एकाच वेलीवरची निदान दहा पाने तपासावीत.

आपल्याकडील पिवळ्या माक्याशी होणारी गल्लत अधिक गंभीर आहे. फूल जवळपास तसेच असते, परंतु पिवळ्या माक्याचे पान अरुंद, लांबट व खरखरीत असते, त्याला बाजूचे खंड नसतात आणि कडाही बहुधा सरळ किंवा तुरळक दात्यांची असते. पिवळा माका औषधी मानला जात असल्यामुळे परसातला वेडेलिया त्याच नावाने केसांच्या तेलात किंवा काढ्यात घालणारे लोक भेटतात. वनस्पतीची खात्रीशीर ओळख पटल्याशिवाय असे काहीही करू नये.

एकदांडी वेगळी काढणे तुलनेने सोपे आहे. तिचे अंग केसाळ असते, उंच उघड्या देठावर एकच लहानसे फूल येते आणि त्याच्या फिकट पाकळ्या बहुधा ५ असतात. वेडेलियाला त्या साधारण ८ ते १३ असतात. शोभेच्या भुईमुगाचे फूल वाटाण्याच्या फुलासारखे असते, प्रत्येक पानाला चार पर्णिका असतात आणि रात्री त्या मिटतात. संध्याकाळनंतर एक फेरी मारली तरी शंका फिटते.

पावसाळ्यात ‘सदाहरित’ असा शिक्का मारणे ही आणखी एक चूक आहे. जून ते सप्टेंबर गोव्यात जांभ्या दगडाचा कातळसुद्धा हिरवा होतो, त्यामुळे तेव्हाची हिरवळ काहीच सिद्ध करत नाही. एप्रिल-मेमध्ये पुन्हा जावे, आणि त्या जागेला पाणी मिळते की नाही हेही नोंदवावे. मोबाइलवरील ओळखीच्या अ‍ॅपला केवळ फुलाचे छायाचित्र दिल्यास ते पिवळ्या डेझीसारख्या कोणत्याही वनस्पतीचे नाव सांगू शकते. म्हणून पान, देठ आणि जमिनीला टेकलेला पेर यांची वेगवेगळी छायाचित्रे घ्यावीत.

वेडेलिया प्रत्येक पेरावर मुळे धरते. जमिनीवरची वेल हळूच उचलून पाहिल्यास हे दिसते, आणि ती एवढी भराभर का पसरते याचेही उत्तर तेथेच मिळते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या, जगातील सर्वांत उपद्रवी १०० परकीय आक्रमक जातींच्या यादीत तिचे नाव आहे. त्यामुळे तपासणीसाठी तोडलेले तुकडे कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) किंवा पाटाच्या पाण्यात टाकून देऊ नयेत. एखादा पेर ओल्या मातीला लागला की तेथे नवी वेल उभी राहते. ते तुकडे तापलेल्या फरशीवर पूर्ण कडकडीत वाळेपर्यंत ठेवावेत.