कॉकपिट व्ह्यूमधून काहीच दिसत नाही? या चुका टाळा

गाड्यांच्या गेममध्ये कॉकपिट व्ह्यू, म्हणजे चालकाच्या जागेवरून दिसणारं दृश्य, लावला की समोरचं दिसत नाही, म्हणून बरेच जण दोन-चार शर्यतींतच कंटाळतात आणि पुन्हा गाडीच्या मागच्या कॅमेऱ्यावर जातात. काही जण उलट हट्टाला पेटतात. काचेजवळचे जाड खांब, हलणारं डोकं, इवलेसे आरसे, सगळं जसंच्या तसं हवं आणि मदत कसलीच नको. मग पहिल्याच वळणावर ते शेजारच्या गाडीच्या दारात घुसतात. दोघांची अडचण एकच आहे. खऱ्या चालकाला दोन डोळे असतात, मान वळवता येते, कडेचं दिसत राहतं आणि गाडीचा प्रत्येक झटका अंगाला कळतो. पडद्यावरचं चित्र मात्र एका डोळ्याचं आणि एका जागी खिळलेलं असतं. म्हणून कॉकपिटमध्ये काय बसवलंय याला नाही, तर तिथे बसलेल्या माणसाला काय जाणवतं याला मी खरेपणा म्हणतो. पुढच्या सगळ्या सेटिंग्ज याच कसोटीवर तपासल्या आहेत.

एफओव्ही अंदाजाने ठेवू नका

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, त्यामुळे यावर जरा वेळ घालवा. मॉनिटर ही एक खिडकी समजा. खिडकीजवळ गेलात की बाहेरचं जास्त दिसतं, मागे सरकलात की कमी. पडद्यावरच्या दृश्याचा कोनही, म्हणजेच एफओव्ही (फील्ड ऑफ व्ह्यू), त्याच हिशेबाने ठरायला हवा. 24 इंची मॉनिटर साधारण 53 सेंटीमीटर रुंद असतो. डोळे त्यापासून 60 सेंटीमीटरवर असतील, तर आडवा एफओव्ही येतो 48 अंश. 80 सेंटीमीटरवर बसलात तर तो 37 वर येतो आणि मॉनिटर ओढून 45 सेंटीमीटरवर आणलात तर 61 होतो. गणित सोपं आहे: अर्ध्या रुंदीला अंतराने भागा, त्याचा आर्कटॅन (कॅल्क्युलेटरवरचं tan⁻¹) काढा आणि दुप्पट करा. आयरेसिंग या शर्यतींच्या गेममध्ये तर मॉनिटरची मापं आणि अंतर भरलं की गेमच आकडा काढून देतो.

बहुतेक गेम सुरुवातीला याहून बराच रुंद कोन देतात, म्हणजे डॅशबोर्ड, आरसे आणि बाजूची खिडकी एकदम दिसावी. पण रुंद कोनात समोरची प्रत्येक वस्तू लहान आणि लांब भासते, कडेचं चित्र ताणलं जातं आणि वेग आहे त्यापेक्षा जास्त वाटतो. तुम्ही कधी फार आधी ब्रेक मारता, कधी वळणाचा आतला टोकाचा बिंदू चुकतो, आणि प्रत्येक लॅपला वेगळीच चूक होते. ब्रेकिंगची जागा रोज बदलत असेल, तर पेडलला दोष देण्याआधी एफओव्ही तपासा.

योग्य आकडा टाकला की पहिले काही दिवस नको वाटतं. गाडी संथ वाटते, आपण बोगद्यातून बघतोय असं वाटतं, आरसे पडद्याबाहेर जातात. इथेच बहुतेक जण माघार घेतात. माझा आग्रह आहे की आकडा वाढवण्याआधी मॉनिटर पुढे आणा. त्याचा मूळचा स्टँड काढून तो मॉनिटर आर्मवर बसवला, की गेमिंग स्टीअरिंगच्या मोटरच्या अगदी मागे येतो. एवढ्याने जितके अंश मिळतात, ते कुठल्याही तडजोडीविना मिळतात. तरीही गुदमरल्यासारखं होत असेल तर पाच-दहा अंश वाढवा. त्यापलीकडे मात्र जाऊ नका.

आणखी एक चूक इतकी सर्रास होते की ती वेगळी सांगायला हवी. आयरेसिंग आडवा कोन मागतो, तर असेटो कोर्सा हा शर्यतींचा दुसरा गेम उभा. वरच्या उदाहरणातला 48 हा आडवा आकडा तुम्ही असेटो कोर्सात टाकलात, तर आडवा कोन होतो जवळजवळ 77 अंश. मग "अचूक एफओव्ही लावूनही काही फरक नाही" अशी तक्रार येते. त्याच मॉनिटरचा उभा आकडा 28 च्या आसपास आहे. गेम कुठला कोन मागतोय हे आधी पाहा.

सीट मागे सरकवून डॅशबोर्ड दाखवू नका

एफओव्ही कमी केला की मीटर दिसेनासे होतात. मग लोक गेममधली सीट मागे-मागे नेतात आणि कॅमेरा थेट मागच्या सीटवर जाऊन बसतो. तुमच्या हातात खरं स्टीअरिंग आहे, त्यापुढे मॉनिटर आहे, मग पडद्यावर आणखी एक स्टीअरिंग आणि दोन हात कशाला? ते लपवा. असेटो कोर्सात हात आणि स्टीअरिंग दोन्ही लपवायची सोय आहे. वेग आणि गिअर पडद्याच्या कोपऱ्यात छोट्या अक्षरांत दाखवा. कॅमेरा पुढे घ्या.

उंचीचं महत्त्व विमानवाल्यांना बरोबर कळतं. एअरबस ए320 मध्ये समोरच्या दोन काचांमधल्या खांबावर तीन छोटे गोळे असतात: कडेला दोन लाल, मध्ये एक पांढरा. वैमानिक सीट वर-खाली, मागे-पुढे करत राहतो, आणि लाल गोळा पांढऱ्यावर बरोबर आला की डोळे योग्य जागी आले असं मानतो. सिम्युलेटरमध्ये उतरताना धावपट्टी नाकाखाली लवकर गडप होत असेल, तर बहुतेक वेळा कॅमेरा खाली राहिलेला असतो. ए320 च्या चांगल्या मॉडेलमध्ये हे गोळे दिलेले असतात, त्यांचाच उपयोग करा. गाडीच्या गेममध्ये असे गोळे नाहीत; तिथे पडद्यावरचं क्षितिज तुमच्या खऱ्या डोळ्यांच्या उंचीवर येतंय का, ते पाहा. बऱ्याचदा कॅमेऱ्यापेक्षा मॉनिटरच उचलावा लागतो.

एका डोळ्याचा खांब खरा मानू नका

एक बोट चेहऱ्यासमोर वीतभर अंतरावर उभं धरा आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. दोन्ही डोळे उघडे असतील तर बोट धूसर होतं आणि घड्याळ पूर्ण दिसतं. एक डोळा मिटा, घड्याळ बोटाआड जातं.

2018 पासून फॉर्म्युला वनच्या गाड्यांना हेलो, म्हणजे चालकाच्या डोक्याभोवतीची संरक्षक चौकट, बसवला आहे. त्याचा मधला खांब थेट चालकाच्या नाकासमोर येतो. पण तो दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा अरुंद आहे, आणि हे अंतर मोठ्या माणसात साधारण 63 मिलिमीटर असतं. त्यामुळे ट्रॅकचा जो भाग एका डोळ्याला दिसत नाही, तो दुसऱ्याला दिसतो. पडद्यावर मात्र कॅमेरा एकच, आणि खांब भिंतीसारखा उभा राहतो. म्हणूनच कोडमास्टर्स या गेम कंपनीने 2018 च्या एफ1 गेममध्ये तो लपवायचा पर्याय दिला. कुणी तो खांब लपवला म्हणून त्याला कच्चा खेळाडू समजणं मला अजिबात पटत नाही. त्याचं चित्र खऱ्या चालकाच्या जास्त जवळचं आहे.

विमानांच्या गेममध्येही हा वाद जुना आहे. 2001 च्या आयएल-2 स्टर्मोव्हिकमध्ये फोके-वुल्फ 190 या जर्मन लढाऊ विमानाच्या समोरच्या काचेखालची पट्टी निशाणाच्या आड यायची, आणि त्यावर खेळाडू वर्षानुवर्षं भांडत राहिले. खऱ्या विमानात जाड, तिरप्या चिलखती काचेतून येताना प्रकाश वाकतो आणि पट्टीचा अडथळा कमी होतो. चौकटीचं माप बरोबर असलं, तरी हे वाकणं धरलं नाही तर दृश्य चुकतंच.

पण याच कसोटीवर दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाचं नाक मात्र ठेवायलाच हवं. जमिनीवर असताना ते लांब नाक दोन्ही डोळ्यांना खरोखरच आडवं यायचं. वैमानिक नाक डावीकडे-उजवीकडे वळवत नागमोडी जायचे, आणि उतरतानाही धावपट्टी शेवटपर्यंत नजरेत राहावी म्हणून वळसा घेत यायचे. कोर्सेअर या अमेरिकी लढाऊ विमानाचीही तीच गत. इथे बाहेरचा कॅमेरा लावून टॅक्सी केलीत, म्हणजे विमान जमिनीवर चालवलंत, तर त्या विमानाची मुख्य कलाच सुटते.

डोकं हलवणं बंद करा

मळमळ, डोकेदुखी, वळण नीट वाचता न येणं, या तक्रारी असतील तर कॅमेऱ्याचं हलणं शून्यावर आणा. खड्ड्यातून जाताना डोकं हलतं हे खरंच. पण आतल्या कानाकडून इशारा मिळताच डोळे उलट दिशेला फिरतात आणि नजर रस्त्यावर स्थिर राहते. तुमच्या खुर्चीत झटका बसतच नाही, त्यामुळे डोळ्यांना तो इशाराही मिळत नाही आणि नुसतं चित्रच हादरतं. क्षितिजाला कॅमेरा बांधायचा पर्याय असेल तर चालू करा. वेगात चित्र धूसर करणारा मोशन ब्लरही बंद.

शेजारच्या गाडीचा अंदाज नशिबावर सोडू नका

48 अंशांच्या खिडकीत शेजारची गाडी दिसणारच नाही. खऱ्या चालकाला ती डोळ्याच्या कोपऱ्यातून कळते, तिचा आवाज येतो, टीमचा माणूस कानात सांगत असतो. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओनेमध्ये जवळच्या गाड्या दाखवणारं रडार आहे, ते चालू ठेवा. क्रू चीफ हे मोफत सॉफ्टवेअर शेजारी गाडी आली की बोलून सांगतं. वर आडवा आभासी आरसा दाखवा आणि डावी-उजवीकडे बघायची बटणं स्टीअरिंगवरच बसवा. ऑनलाइन खेळताना तर हे समोरच्याचं देणं आहे. तुमच्या हट्टापायी त्याची शर्यत बुडू नये. युरो ट्रक सिम्युलेटर 2 मध्ये एफ2 दाबलं की आरसे पडद्यावर येतात, ट्रेलर मागे घेताना ते लावाच.

विमानांसाठी हेड ट्रॅकिंग, म्हणजे तुमचं डोकं वळेल तसा कॅमेरा वळवणारी सोय, फार उपयोगी आहे, आणि ट्रॅकआयआर परवडत नसेल तर ओपनट्रॅक साध्या वेबकॅमवरही चालतं. फक्त मधोमध थोडा मृत भाग ठेवा, म्हणजे डोकं जरासं हललं तरी कॅमेरा हलणार नाही, नाहीतर श्वास घेतला तरी निशाण हलतं.

झूमला फसवणूक समजू नका

निरोगी डोळा एका अंशात सुमारे 60 पिक्सेलइतका तपशील वेगळा ओळखतो. 1920 पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर 48 अंशांचं दृश्य असेल, तर मध्यभागी अंशाला साधारण 38 पिक्सेल येतात. 90 अंश ठेवलात तर जेमतेम 17. म्हणजे लांबचं विमान खऱ्या वैमानिकाला दिसलं असतं, तुम्हाला दिसणं शक्यच नाही. झूम केल्याने हरवलेली नजर परत मिळते. विमानावर नाव आणि अंतर लिहून येणारी लेबलं मात्र कुठल्याच वैमानिकाला नव्हती, ती बंद ठेवा.

मोबाइलवर बस सिम्युलेटर इंडोनेशिया या गेममध्ये एसटीचा रंग लावून घाट उतरणाऱ्यांनी हा हिशेब करूच नये. हातात धरलेल्या फोनचा योग्य कोन 25 अंशांच्या आसपास येतो, त्यात आरसा सोडा, समोरचं वळणही मावत नाही. तिथे रुंद दृश्य घ्या.

डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट घेतलात तर मात्र बरंच काही उलटं करावं लागतं. दोन डोळे मिळतात, माप आपोआप बरोबर येतं. तेव्हा लपवलेला खांब आणि स्टीअरिंग परत दाखवा. पण बहुतेक हेडसेटचा आडवा आवाका 100 अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे कडेचं अजूनही कमीच दिसतं. रडार आणि कानातला आवाज चालूच राहू द्या.