नायट्रेट 10 की 44.3? पाण्याच्या डेटातले शब्द जुळवताना

एका प्रणालीत नायट्रेट 10, दुसरीत 44.3, एकक दोन्हीकडे मिलिग्रॅम प्रति लिटर. पाणी मात्र एकाच दर्जाचं असू शकतं. पहिलीत फक्त नायट्रोजनचं वजन मोजलंय (अणुभार 14.007), दुसरीत अख्ख्या नायट्रेटचं (62.004), म्हणून गुणक 4.427. पिण्याच्या पाण्यासाठी अमेरिकेची मर्यादा 10 आणि आपल्या आयएस 10500 या भारतीय मानकाची 45, ती याचमुळे. नुसती नावं पाहून रकाने जोडले, की घोटाळा ठरलेला.

सुरुवात साध्या तक्त्याने करा. प्रत्येक संज्ञेला एक ओळ, आणि रकाने असे: गुणधर्म (संहती, म्हणजे पाण्यातलं प्रमाण), पदार्थ (नायट्रेट), माध्यम (नदीचं पाणी), अट (गाळलेला नमुना की न गाळलेला), कशाच्या रूपात मोजलं, एकक, पद्धत. 'आय-अडॉप्ट' ही मोजलेल्या गोष्टीचं (चलाचं) घटकांत वर्णन करण्याची मांडणी एकक आणि पद्धत चलाच्या बाहेर ठेवते. ते बरोबरच आहे, पण जुळवणीच्या तक्त्यात दोन्ही हवेतच. माहिती व्याख्येतून भरा, रकान्याच्या मथळ्यावरून नको. व्याख्याच नसेल तर प्रयोगशाळेला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत ती ओळ रिकामी राहू द्या.

मग तयार संज्ञा शोधा. 'नर्क व्होकॅब्युलरी सर्व्हर' या पर्यावरणविषयक संज्ञांच्या ऑनलाइन भांडारात मोजमापांसाठी पी01 आणि एककांसाठी पी06 हे संग्रह आहेत. हवामान आणि समुद्राच्या डेटासाठी 'सीएफ' या संकेतातली प्रमाणनावं. स्वतःची नवी संज्ञा हा शेवटचा उपाय. डेटात संज्ञेचं नाव नव्हे, तिचा कायम वेबपत्ता साठवा.

खरी कसोटी दोन संज्ञांमधलं नातं ठरवताना लागते. संज्ञांमधली नाती नोंदवण्याच्या 'स्कॉस' या वेब मानकातलं 'एक्झॅक्टमॅच' (तंतोतंत जुळणी) हात राखून वापरा, कारण ते साखळीने पुढे जातं: अ म्हणजे ब, ब म्हणजे क, तर अ म्हणजे क. मधली एक कडी चुकली की चूक सगळीकडे पोचते. 'क्लोजमॅच' (जवळपास जुळणी) असं पसरत नाही. वर दिलेल्या दोन नायट्रेटना 'क्लोजमॅच' द्या आणि 4.427 वेगळ्या रकान्यात लिहा. बीओडीचं (पाण्यातला सेंद्रिय मळ कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनचं) प्रकरण याहून अवघड. भारतात 27 अंश सेल्सिअसला 3 दिवसांची चाचणी रूढ आहे, इतरत्र बहुधा 20 अंशांना 5 दिवसांची. इथेही 'क्लोजमॅच'च, पण गुणक लिहू नका. सांडपाण्याच्या प्रकाराप्रमाणे तो बदलतो. 'ब्रॉडमॅच'ची दिशा हमखास उलटी पडते: 'अ ब्रॉडमॅच ब' म्हणजे ब व्यापक. 'विरघळलेलं नायट्रेट' डावीकडे, 'नायट्रेट' उजवीकडे.

जुळवणी 'एसएसएसओएम' या जुळवण्या नोंदवण्याच्या ठरीव नमुन्यातल्या टॅबवाल्या फाइलमध्ये ठेवा: डावी संज्ञा, नातं, उजवी संज्ञा, जुळवणीचा आधार, दोन्ही संग्रहांच्या आवृत्त्या, तारीख. नाव पाहून यंत्राने सुचवलेली जोडी आणि माणसाने तपासलेली जोडी यांचा आधार वेगवेगळा नोंदवा.

डेटा एकत्र केल्यावर तीन तपासण्या करा. नायट्रोजनच्या रूपातलं नायट्रेट एकूण नायट्रोजनपेक्षा ठळकपणे जास्त आलं, तर बहुतेक वेळा रूप चुकलंय. आयनांचा ताळेबंद (धन आणि ऋण आयनांच्या एकूण भारांमधला फरक) साधारण 5 टक्क्यांत बसतो का पाहा. नायट्रेट भरपूर असलेल्या भूजलात चुकलेलं रूप इथे हमखास पकडलं जातं. आणि तिसरी, '<0.5' सारख्या नोंदी, म्हणजे पदार्थ शोधमर्यादेपेक्षा (पद्धतीला ओळखता येणाऱ्या किमान प्रमाणापेक्षा) कमी. रूपांतर करताना त्यांची शोधमर्यादाही गुणकाने गुणावी लागते. मजकूर म्हणून साठवलेल्या या नोंदी रूपांतरातून निसटतात आणि मग मर्यादा एका रूपात, मोजमाप दुसऱ्या रूपात अशी खिचडी होते.